वरच्या बर्थची विजयमाला

विजयमाला केळुस्कर आमच्या समोरच्या ब्लॉकमध्ये राहायला आली ती १९९१ च्या मे महिन्यात. सामानाचा टेम्पो खाली उभा असतानाच तिने माझी बेल वाजवली आणि विचारले, "काकू, तुमचा फोन नंबर काय?" मी सांगितला. तिने तो एकदा ओठांतल्या ओठांत म्हटला आणि मग प्यायला पाणी मागितले. तो नंबर तिने कुठे लिहून ठेवलेला मी आजवर पाहिलेला नाही. नेरूळच्या आमच्या सेक्टरातला वाणी, औषधवाला, गॅसवाला, तीन डॉक्टर आणि त्यांतल्या एका डॉक्टरची सासुरवाडी, इतक्यांचे नंबर तिला सहा महिन्यांत पाठ झाले होते.

ती टेलिफोन खात्यात ट्रंक ऑपरेटर होती, म्हणजे परगावचे फोन जोडून देणारी. १९६८ साली कानाला हेडफोन लावून बोर्डासमोर बसली ती पंचवीस वर्षे बसलीच. लग्न केले नाही. आई होती, ती इथे येण्याआधीच वारली. उंची जेमतेम पाच फूट, वजन अडुसष्ट किलो, आणि आवाज असा की दाराबाहेरून नुसते "काकू" म्हटले तरी एखादी बाई मोठ्या गाडीतून उतरली आहे असे वाटावे. बोलण्यात नोकरीची सवय मुरलेली. कोणी काही सांगितले की ती ते एकदा स्वतः म्हणून दाखवी. "विजूताई, उद्या पाणी नाही." "उद्या पाणी नाही." मग पुढचे बोलणे.

या पंचवीस वर्षांतली वीस-एकवीस वर्षे तिची एक मैत्रीण होती, जिला तिने कधी पाहिले नव्हते. नागरकोविलच्या एक्सचेंजमधल्या सरसम्मा. मुंबईहून मद्रासमार्गे लाइन जोडताना दोघींची गाठ पडे. दुपारच्या वेळी बोर्ड थंड असला की दोघी इंग्रजीत चार वाक्ये बोलून घेत, कोणी वरिष्ठ ऐकत नसतील अशा बेताने, म्हणून वाक्ये फार छोटी. सरसम्मांच्या नवऱ्याचा दमा, मुलाचे गणित, परसातला फणस, सगळे विजयमालेला ठाऊक होते. एकमेकींचा फोटो मात्र दोघींनी मागितला नाही. "फोटो पाहिला की मी त्या फोटोशी बोलायला लागेन," असे सरसम्मांचे म्हणणे. मग घरोघरी थेट नंबर फिरवायची सोय झाली, ट्रंकचे काम आटले, आणि १९९३ मध्ये विजयमालेला चौकशीच्या टेबलावर बसवले. शेवटच्या दुपारी सरसम्मा म्हणाल्या, "विजया, एकदा ये." त्यावर विजयमाला "एकदा येते" म्हणाली, आणि लाइन काढून घेतली.

१९९५ च्या दिवाळीनंतर आमच्या महिला मंडळाने कन्याकुमारीची सहल ठरवली. आम्ही आठ जणी. कन्याकुमारीच्या अलीकडचे मोठे स्टेशन नागरकोविल. विजयमालेने हे ऐकले आणि हातातला चहाचा कप बशीत ठेवायच्या ऐवजी माझ्या मांडीवर ठेवला.

मंडळाच्या अध्यक्ष मढवीबाई. मूळच्या बोनकोड्याच्या, पंचावन्न वर्षांच्या, मिठागराच्या बांधावरून डोक्यावर पाटी घेऊन पळत वाढलेल्या. त्यांचा हिशेब साधा होता. आठ जागा म्हणजे डब्यातला एक पूर्ण कप्पा. खालच्या तीन जागा साठी-सत्तरीतल्या आम्हा तिघींना. मधल्या दोन गुडघेवाल्यांना. वरच्या तीन उरल्या.

"वरती येक मी," मढवीबाई म्हणाल्या. "येक प्राची. तिसरीवर कोन चढनार?"

प्राची म्हणजे आमच्यातली सर्वांत तरुण, शाळेत शिकवणारी. राहिली विजयमाला.

"मी चढेन," विजयमाला म्हणाली.

"भिगवनसारखी?"

सगळ्या हसल्या. मीही हसले, हे लिहिणे भाग आहे. दोन वर्षांपूर्वी तिरुपतीला जाताना विजयमालेने दौंड सुटल्यावर वरच्या बर्थवर चढायला सुरुवात केली आणि भिगवण आले तरी ती चढतच होती. एक पाय पायरीवर, पोट बर्थच्या कडेवर, दुसरा पाय हवेत. वर ढकलायला हातांत जोर नाही आणि खाली यायला पायरी दिसत नाही. शेवटी चार अनोळखी गृहस्थांनी, प्रत्येकाने आधी माफी मागून, तिला वर लोटले. ती सबंध प्रवासभर खाली उतरली नाही. जेवणही वरच पाठवले.

"हे बघ विजू," मढवीबाई म्हणाल्या, "मला तुझा वाईट नाय करायचा. पन मी आठ बायकांना नेनार आनि आननार. फॉर्म आठ जानेवारीला भरायचा. आदल्या दिवशी मला चढून दाखव. नाय तर माझ्या बहिनीची जाई येईल तुझ्या जागी. ती माकडीन हाय."

"आठ जानेवारी," विजयमाला म्हणाली. "आदल्या दिवशी."

आमच्या इमारतीच्या पुढच्या चौकात, औषधवाल्याच्या शेजारच्या गाळ्यात, 'गल्फ जिम' अशी पाटी होती. मालक मकबूल, उरणकडचा, पस्तिशीचा. सहा वर्षे कुवेतमधल्या एका हॉटेलच्या व्यायामशाळेत टॉवेलच्या घड्या घालत होता. नव्वदच्या ऑगस्टात तिथे लढाई सुरू झाली तेव्हा एका बॅगेनिशी परत आला. पैसे राहिले तिकडेच, पण घड्या घालताना सहा वर्षे जी यंत्रे पाहिली होती ती डोक्यात राहिली. त्यांतले एक त्याने तुर्भ्याच्या एका फॅब्रिकेटरकडून नुसत्या आठवणीवर बनवून घेतले होते. दोन बाजूंना दोन दांडे, मध्ये गुडघे टेकायला गादीची फळी, फळीला साखळी, आणि साखळीच्या दुसऱ्या टोकाला पाच-पाच किलोच्या लोखंडी प्लेटांची चळत. ज्याला दोन दांड्यांवर हात टेकून स्वतःला वर उचलता येत नाही (याला जिमवाले डिप म्हणतात), त्याला ही फळी खालून उचलते. ते पाहून मला माझ्या शाळेच्या चॅपेलमधल्या गुडघे टेकायच्या फळीची आठवण झाली, आणि मी हे मकबूलला सांगितले. तो खूश झाला. बाकी कोणी त्या यंत्राबद्दल चांगले बोललेच नव्हते. संध्याकाळी येणारी पोरे गुडघ्यावर बसून मदत घ्यायला लाजत आणि त्यावर घामाचे टॉवेल टाकत.

दुपारी तीन ते साडेचार बायकांची वेळ. त्या वेळेत मकबूल दारावर जाड पडदा सोडून बाहेर पायरीवर रस्त्याकडे तोंड करून बसे आणि आत त्याची बायको नफिसा असे. आम्ही गेलो तेव्हा दोघेही बाहेरच होते. विजयमालेने आपली अडचण सांगितली. नफिसाच्या कडेवर त्यांची आठ महिन्यांची मिस्बाह होती. तीही ऐकत होती.

"ताई, अडतं कुठे? पायात का हातात?" मकबूलने विचारले.

विजयमालेने पर्स माझ्याकडे दिली, औषधवाल्याचे आणि जिमचे असे दोन कठडे शेजारी होते त्यांवर एक-एक हात टेकला, आणि भर रस्त्यात दाखवले. पाय पायरीवर चढला. हात कोपरात वाकले आणि तिथेच राहिले.

मकबूल उभा राहिला. "नफिसा, बघितलंस? हा डिपच आहे. बर्थवर चढतात म्हणजे लोक काय करतात, डिपच मारतात. आजपर्यंत माझ्या डोक्यात नाय आलं."

"आता सगळ्या प्रवाशांना बोलव," नफिसा म्हणाली.

सोमवार, ६ नोव्हेंबर, हा पहिला दिवस. विजयमालेने त्यासाठी जांभळा पंजाबी ड्रेस शिवून घेतला होता. एकोणपन्नास वर्षांत पहिला. जिना उतरताना तिने मोठी पर्स पुढे धरली होती, जणू पर्सच ड्रेस घालून चालली आहे. हे गेल्यापासून माझ्या दुपारा मोकळ्याच असत, म्हणून सोबतीला मी. मला एक प्लॅस्टिकची खुर्ची मिळाली.

नफिसाने आधी खांदे गोल फिरवायला लावले, हात भिंतीला टेकून ढकलायला लावले, दहा मिनिटे. इतक्यात मिस्बाह रडली म्हणून ती मागच्या खोलीत गेली. जाताना "पिन लावून ठेवा, आलेच" म्हणाली. पिन म्हणजे प्लेटांच्या चळतीत खुपसायची लोखंडी खीळ. जिथे खुपसाल तितक्या प्लेटा साखळीला लागतात. आम्ही दोघींनी विचार केला. शेजारच्या यंत्रावर एक बाई हलके हलके काहीतरी ओढत होती, तिची पिन सर्वांत वरच्या प्लेटीत होती.

"आपण नवीन," विजयमाला म्हणाली. "एकापासून सुरुवात करावी."

"हो, हावरटपणा नको," मी म्हणाले.

तिने पिन पहिल्या प्लेटीत खुपसली, दांडे धरले, एक गुडघा फळीवर टेकला, मग दुसरा. फळी तिला घेऊन लिफ्टसारखी खाली गेली. दांडे जिथल्या तिथे राहिले. विजयमालेची कोपरे कानांच्या वर गेली आणि चेहरा दोन दांड्यांच्या मधून मला दिसू लागला. ती सभ्य आवाजात म्हणाली, "काकू, काहीतरी चुकलंय."

बाहेरून मकबूल ओरडला, "एकच प्लेट वाजली. कोणी लावली एक प्लेट? ताई, दांडा सोडू नका एकदम. पाय. पाय जमिनीवर टेका."

पाय टेकले, कारण जमीन आता फार लांब नव्हती. नफिसा धावत आली आणि तिने तिला काढले. उजवा खांदा पुढच्या बाजूने दुखू लागला होता.

मकबूलने पडद्यापलीकडून समजावले. मी ते वहीत जसेच्या तसे उतरवले आहे. "काकू, बाकीच्या मशीनवर प्लेट तुमच्याशी भांडते. या मशीनवर प्लेट तुमच्या पार्टीत आहे. ताई अडुसष्ट किलोच्या, पन्नास किलो मशीन उचलणार, अठरा किलो ताई उचलणार. जितक्या प्लेटा जास्त तितकं सोपं. एक प्लेट म्हणजे त्रेसष्ट किलो ताईंनी उचलायचे. तेवढं तर मीपण नाय उचलत, जेवल्यावर."

"आणि खांदा?" विजयमालेने विचारले.

"खांदा बोलतोय तोवर त्याचं ऐकायचं. आठवडाभर हात नाय लावायचा."

"आठ जानेवारीला फॉर्म आहे."

"आठवडाभर."

"आठवडाभर," ती म्हणाली. नऊ आठवड्यांतला एक असा गेला. ती रोज संध्याकाळी माझ्याकडे येऊन भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाही, आणि जाई माकडीण नसती तर काय झाले असते यावर बोले.

पुढच्या सोमवारपासून खरे काम सुरू झाले, आणि मला एक गंमत पाहायला मिळाली. मकबूलला आतले काही दिसत नसे. तो सगळे कानांनी करी. प्लेटा खाली आदळून खणकन वाजल्या की तो समजे, बाई घाईने आटपते आहे. साखळी करकरली की समजे, एका बाजूला झुकली आहे. श्वास ऐकू आला नाही तर विचारी, "ताई, आहात ना?" इतर बायका या पडद्यामागच्या मास्तरला कंटाळत, त्यांना नफिसाने हात धरून दाखवलेले आवडे. विजयमालेचे उलट होते. समोर उभे राहून कोणी दाखवले की ती गोंधळे. न दिसणाऱ्या माणसाचे ऐकून तसे करणे, हे तर तिने पंचवीस वर्षे केले होते. ती डोळे मिटून घेई.

"दोन्ही गुडघे फळीच्या मधोमध," बाहेरून येई.

"मधोमध."

"खांदे कानांपासून लांब ठेवा."

"लांब."

"कोपरं मागे, बाजूला नाय."

"मागे."

"खाली जाताना तीन मोजा. दंड जमिनीला समांतर झाला की बास. त्याच्या खाली काय ठेवलेलं नाय आपलं."

"बास."

"आता वर. कोपर खटकन सरळ नाय करायचं."

रस्त्यावरून जाणारे लोक पाहत, हा माणूस पायरीवर बसून रिक्षावाल्यांना कोपरे मागे घ्यायला का सांगतो आहे. एकदा एका रिक्षावाल्याने खरोखर घेतली.

प्लेटा वाजल्या तर तो डिप धरायचा नाही, असा मकबूलचा नियम. न वाजलेले तेवढे मी वहीत लिहायची. आठ-आठचे तीन फेरे, तिन्ही न वाजता झाले तरच पुढच्या वेळी एक प्लेट कमी. आठवड्यात तीन दिवस, मध्ये एक दिवस सुट्टी. विजयमालेने सुरुवातीलाच दोन-दोन प्लेटा कमी करायचा लकडा लावला. "दोन काढल्या तर डिसेंबरातच होईल." बाहेरून उत्तर आले, "आणि तीन काढल्या तर खांद्याला पट्टी बांधून फॉर्म भराल."

२४ नोव्हेंबरला ती फार आनंदात होती. नऊ प्लेटांवर तिन्ही फेरे चुपचाप झाले होते. त्या आनंदात ती उतरताना दोन्ही पायांनी एकदम टुणकन उतरली. फळीवरचे वजन गेले, पंचेचाळीस किलोच्या प्लेटा धाडकन खाली आल्या, आणि फळी सुटून वर अशी गेली की दांड्याला वाळत टाकलेला कोणाचातरी टॉवेल पंख्यात जाऊन अडकला. मिस्बाह किंचाळली. मकबूल "या अल्ला" म्हणत पडदा फाडून आत आला, आपण बायकांच्या वेळेत आत आलो हे आठवून त्याने दोन्ही हातांनी डोळे झाकले, तसाच वळला आणि समोरच्या आरशावर आपटला. आरशाला काही झाले नाही. नफिसा आधी घाबरली, मग जी हसत सुटली ती जमिनीवर बसली. टॉवेल पंख्याबरोबर फिरतच होता. विजयमाला हसता हसता म्हणत होती, "चूक माझी. चूक माझी. आधी एक पाय पायरीवर, हात दांड्यावर, मग दुसरा गुडघा." हा नियम पहिल्या दिवशीच सांगितलेला होता. त्या दिवशी तो पाठ झाला.

डिसेंबरात मला मनमाडला भाचीच्या लग्नाला जायचे होते. मी शिवणाच्या डब्यातली टेप बरोबर घेतली. गाडी इगतपुरी सोडून पुढे लागली तेव्हा मी वरच्या बर्थची मापे घ्यायला सुरुवात केली. जमिनीपासून पहिली पायरी, पायरीपासून पायरी, पायरीपासून बर्थची कड, समोरासमोरच्या दोन बर्थांमधले अंतर. एका कॉलेजातल्या मुलीने टेपचे दुसरे टोक धरले. तपासनीस आला, थोडा वेळ पाहत राहिला आणि अदबीने म्हणाला, "बाई, तुम्ही रेल्वेच्या का?"

"नाही, महिला मंडळाच्या."

त्याने माझे तिकीट न पाहताच पुढचा कप्पा गाठला. मापांखाली मी टीप लिहिली आहे, की गाडी हलत असल्याने अर्ध्या इंचाचा फरक धरावा.

त्या मापांवरून मकबूलने जिममध्ये बर्थ उभा केला. दोन उंच लोखंडी घोडे, त्यांवर दोन बर्थांइतके अंतर सोडून समोरासमोर आडव्या दोन फळ्या, आणि पायरीच्या जागी लाकडी स्टूल. त्याचा विचार असा होता, की गाडीत पायरीवरचा पाय थोडी मदत करतोच, म्हणजे तो पायच आपली चार प्लेटांची चळत. यंत्रावर ती चार प्लेटांपर्यंत आली की फळ्यांवर चढू द्यायचे, आधी नाही. शुक्रवारी, ५ जानेवारीला, ती चार प्लेटांवर आली. फळ्यांवर मात्र तिने एकदाही चढून पाहिले नव्हते.

रविवार, ७ जानेवारी. त्या दिवशी जिम बंद, म्हणून सगळे मंडळच आले. मढवीबाईंनी आधी घोडे हलवून पाहिले, फळ्या ठोकून पाहिल्या. जाईलाही त्यांनी आणले होते. ती बिचारी गोड मुलगी, मला कोपऱ्यात म्हणाली, "आजी, मला नाय जायचं कन्याकुमारीला. मावशी घोरते." मग मढवीबाई यंत्राकडे गेल्या. नफिसाने बारा प्लेटा लावून त्यांना वर बसवले. यंत्राने त्यांना अलगद उचलले तेव्हा त्यांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. त्या चार वेळा वर-खाली झाल्या.

"आसा तर कोनी पन करील," त्या म्हणाल्या आणि आणखी दोनदा झाल्या. मग पदर खोचून मुद्द्यावर आल्या. "आता कोनी बोलायचा नाय. गाडीत काय हा मकबूल पायरीवर बसनार नाय. मकबूल, तू चूप."

"चूप," बाहेरून आवाज आला.

विजयमाला स्टुलावर चढली. दोन्ही फळ्यांवर हात टेकले. डोळे मिटले. खोलीत कोणी बोलत नव्हते आणि मला कळले, की तिला हेच जमणारे नाही. ती वाट पाहत होती. मग तिने एकदम अंग उचलले, खांदे कानांपाशी गेले, कोपरे बाजूला फाकली, आणि भिगवणला होती तशीच्या तशी ती मध्ये आली. माझी पेन्सिल मोडली. पण ती लटकत राहिली नाही. तिने एक पाय मागे नेला, स्टूल चाचपले, टेकला, दुसरा टेकला, आणि उभी राहिली.

"झाला?" मढवीबाई.

"नाही. चुकीचं होत होतं, म्हणून थांबले."

"किती वेळा थांबशील?"

"बरोबर होईपर्यंत."

तिने हात पुन्हा फळ्यांवर ठेवले. आणि आता ती स्वतःच बोलू लागली. तो तिचा घरचा आवाज नव्हता, बोर्डावरचा होता, स्वच्छ, एकेक शब्द सुटा. "पाय मधोमध. खांदे लांब. कोपरं मागे." मग श्वास सोडला आणि हात सरळ होऊ लागले. सावकाश, घाई अजिबात नाही, जणू कोणी तिला खालून उचलते आहे. स्टुलावरचा पाय सुटला. कंबर फळीच्या वर आली, तिने ती वळवली, आणि विजयमाला केळुस्कर जांभळ्या ड्रेसमध्ये फळीवर बसून आमच्या सगळ्यांच्या डोक्यांकडे वरून पाहू लागली.

बायकांनी टाळ्या वाजवल्या. मढवीबाईंनी हात वर करून त्या थांबवल्या.

"चढली. आता उतर. गेल्या टायमाला तू तिरुपतीपर्यंत उतरली नव्हतीस."

खरे तर खाली येणे हेच तिला सर्वांत चांगले येत होते. दोन महिने दर खेपेला चोवीस वेळा ती तीन मोजत खाली आली होती. दोन्ही हात टेकले, कंबर कडेवरून सुटली, एक, दोन, तीन, आणि पाय स्टुलावर असा आला की स्टूल हललेसुद्धा नाही.

"परत," मढवीबाई म्हणाल्या.

ती परत चढली आणि उतरली. तिसऱ्यांदा चढली तेव्हा मढवीबाई स्वतः दुसऱ्या बाजूने चढून तिच्या समोरच्या फळीवर जाऊन बसल्या. दोघी वरून पाय हलवत बसल्या होत्या. पडदा जरासा हलला आणि मकबूलचा आवाज आला, "आता बोललं तर चालेल का?"

"बोल," मढवीबाई म्हणाल्या. "आनि चा मागव. आठ नाय, अकरा."

२ मार्चला आम्ही भाड्याच्या सुमोतून कल्याणला गेलो आणि गाडीत बसलो. पुणे येईपर्यंत विजयमाला वरच्या बर्थवर अकरा वेळा चढली. कधी रुमाल विसरला म्हणून, कधी चष्मा, आणि शेवटी काहीच न विसरता. समोरच्या कप्प्यातल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांचा बर्थही वरचा होता, ते चिंतेत होते. तिने त्यांना खांदे कानांपासून लांब ठेवायला शिकवले. तिने नागरकोविलला आधीच पत्र टाकले होते, त्यात डब्याचा नंबर, बर्थचा नंबर आणि "वरचा" असे अधोरेखित केले होते. सरसम्मांचे उत्तर आले होते, की मी नागरकोविलला तुझ्याच डब्यात चढेन आणि कन्याकुमारीपर्यंत येईन.

नागरकोविल जवळ आले तसे तिचे चढणे-उतरणे थांबले. तिने केस विंचरले, परत विंचरले. गाडी थांबली. दारातून एक बुटकी, सडपातळ बाई आत आली, केसांत मोगरा, एका हातात छत्री, दुसऱ्या हातात केळ्याच्या चिप्सचा पत्र्याचा डबा. तिने आम्हा आठ जणींकडे पाहिले. विजयमाला उभी राहिली. त्या बाईने तिच्याकडे पाहिले. एकवीस वर्षांच्या मैत्रिणी एकमेकींसमोर दोन फुटांवर उभ्या होत्या.

"गुड मॉर्निंग," सरसम्मा म्हणाल्या.

"गुड मॉर्निंग," विजयमाला म्हणाली.

आणि पुढे काही नाही. दोघी खिडकीजवळच्या बर्थवर शेजारी शेजारी बसल्या. एकीने छत्री सरळ केली. दुसरीने चिप्सचा डबा मांडीवर घेतला आणि त्यावरची अक्षरे वाचली. मुलगा कसा आहे, बरा आहे. प्रवास कसा झाला, छान झाला. सरसम्मा तिच्या चेहऱ्याकडे चोरून पाहत आणि पटकन बाहेर पाहत. गाडी सुटली. नागरकोविल ते कन्याकुमारी फार तर अर्धा तास, आणि त्यातली पाच मिनिटे गेली. मढवीबाईंनी माझ्याकडे पाहिले आणि भुवया उंचावल्या. त्यांनाही काय करावे सुचत नव्हते, हे मी पहिल्यांदाच पाहत होते.

मग विजयमाला उठली. "एक मिनिट," ती म्हणाली. तिने दोन्ही बर्थांवर हात टेकले, पायरीवर पाय ठेवला आणि वर गेली. आत सरकून भिंतीला टेकून बसली, इतकी आत की खालून तिचे पाऊलही दिसेना.

वरून आवाज आला, "सरसम्मा?"

सरसम्मांनी मान वर केली नाही. त्यांनी डोळे मिटले आणि सगळा चेहरा हसला. "विजया," त्या म्हणाल्या.

"फणस पाडला का गं तो?"

"कोण पाडतोय. शेजाऱ्याने केस केली, त्याच्या पत्र्यावर फळ पडलं म्हणून."

"शेजारी म्हणजे तो, बायकोच्या मावशीला रोज ट्रंक लावायचा तो?"

"तोच. ती मावशी गेली. आता तो माझ्याकडे येऊन बसतो आणि तिची गाऱ्हाणी सांगतो."

आणि मग ते सुरू झाले. तीन वर्षांचे साचलेले, छोट्या छोट्या वाक्यांत, एकीचे संपायच्या आत दुसरीचे. दमा, नातू, चौकशीच्या टेबलावरचा नवा साहेब, केस रंगवावेत की नाही, मकबूल, नफिसा, पंख्यात अडकलेला टॉवेल. सरसम्मा मध्येच इतक्या हसल्या की मोगरा सुटून खाली पडला. मढवीबाईंना इंग्रजी येत नव्हते. त्या प्राचीला प्रत्येक वाक्याला कोपराने ढोसत होत्या, "काय बोलली? आता काय बोलली?"

कन्याकुमारी आले. गाडी थांबली आणि पुढे जायला रूळच नव्हते. आम्ही वळकट्या बांधल्या, सामान दारापाशी लावले, हमाल ठरवला. मढवीबाई फलाटावर उतरून खिडकीतून आत डोकावल्या, एक बोट वर करून काही म्हणायला लागल्या, आणि न म्हणताच सामानावर जाऊन बसल्या. डबा झाडणारा माणूस आला. त्याने आमच्या कप्प्याची जमीन झाडली. सरसम्मांनी पाय वर घेतले आणि बोलत राहिल्या.